सोर्स कोडची स्वयंचलित स्पेलिंग तपासणी: पहिल्या चाचणीपासून पुल रिक्वेस्टपर्यंत

कोडमधील स्पेलिंगची चूक निबंधातील चुकीसारखी नसते. निबंधात ती वाचणाऱ्याच्या डोळ्याला खुपते आणि तेवढ्यावर निभावते. कोडमध्ये मात्र तिचेच नाव होऊन बसते, ते नाव दुसऱ्या फाइलींत उचलले जाते, बरोबर स्पेलिंगने शोधणाऱ्याला ते कधीच सापडत नाही, आणि काही वेळा प्रोग्रॅमचे वागणेच त्याच्यामुळे बदलते. जावास्क्रिप्टमधील एक उदाहरण घेऊ. ॲरेची लांबी सांगणाऱ्या 'लेंग्थ' या गुणधर्माच्या शेवटी आधी टी आणि मग एच यायला हवा, पण घाईत एच आधी टंकला जातो आणि टी नंतर. जावास्क्रिप्ट याबद्दल काहीच तक्रार करत नाही, कारण अस्तित्वात नसलेला गुणधर्म मागितला की ती भाषा 'अनडिफाइन्ड' हे मूल्य परत देते. लूपमधील गणक या मूल्यापेक्षा लहान आहे का, या प्रश्नाचे उत्तर नेहमी 'नाही' असेच येते, त्यामुळे लूप एकदाही फिरत नाही. त्रुटीचा संदेश येत नाही, प्रोग्रॅम बंद पडत नाही, फक्त पडद्यावरची यादी रिकामी दिसते. असा दोष शोधण्यात अर्धा दिवस सहज जातो. स्पेलिंग तपासणारे साधन तो ओळीच्या क्रमांकासह क्षणात दाखवते.

ज्यांनी गिट वापरले आहे, टर्मिनलवर आज्ञा दिल्या आहेत, पण कोडसाठी अशी तपासणी कधी उभी केलेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टंकावीत.

साधन निवडण्यापूर्वी

स्पेलिंग तपासण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांतील फरक समजला की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. पहिल्या पद्धतीत साधनाकडे बरोबर शब्दांची यादी असते आणि त्या यादीत नसलेला प्रत्येक शब्द संशयित ठरतो. ही पद्धत जुनी आहे. १९७५ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्ससाठी लिहिलेला 'स्पेल' हा प्रोग्रॅम मजकुराचे शब्द सुटे करून, त्यांची क्रमवार यादी लावून, ती शब्दकोशाशी ताडून पाहत असे. कोडसाठी आज याच पद्धतीने चालणारे सर्वांत परिचित साधन म्हणजे 'सीस्पेल'. दुसऱ्या पद्धतीत साधनाकडे चुकीच्या शब्दांची यादी असते: अमुक चूक दिसली तर तमुक शब्द हवा होता, अशा जोड्यांची. 'कोडस्पेल' आणि 'टायपोज' ही साधने या पद्धतीची आहेत. यादीत नसलेली चूक त्यांच्या नजरेतून सुटते, पण ज्या शब्दावर ती बोट ठेवतात तो बहुतेक वेळा खरोखरच चुकलेला असतो.

नवशिक्याने दुसऱ्या पद्धतीने सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. कोणत्याही प्रकल्पात संक्षेप, ग्रंथालयांची नावे, व्यवसायातील खास शब्द आणि माणसांची आडनावे भरलेली असतात. बरोबर शब्दांच्या यादीवर चालणारे साधन पहिल्याच दिवशी अशा हजारो शब्दांवर खुणा करते, खऱ्या चुका त्या ढिगाखाली दबतात, आणि आठवडाभरात संघातील प्रत्येकजण त्या खुणांकडे दुर्लक्ष करायला शिकतो. एकदा इशाऱ्यावरचा विश्वास उडाला की तो परत बसवणे फार अवघड जाते. सुरुवातीला कमी सापडले तरी चालेल, पण जे सापडेल ते खरे असावे.

'कोडस्पेल' आणि 'टायपोज' यांतील निवड करताना एक तांत्रिक बाब लक्षात घ्यावी. कोडस्पेलची यादी विकिपीडियावरील नेहमीच्या चुकांच्या यादीपासून सुरू झाली आणि कॉमेंट व दस्तऐवज तपासण्यासाठी ते उत्तम आहे. मात्र अंडरस्कोर हे चिन्ह ते अक्षरासारखेच मानते, त्यामुळे अंडरस्कोरने जोडलेले फंक्शनचे नाव त्याच्या लेखी एकच अखंड शब्द असतो आणि त्या नावाच्या पोटातील चूक त्याला दिसत नाही. रस्ट भाषेत लिहिलेले टायपोज असे नाव आधी फोडते: अंडरस्कोर असेल तेथे तोडते, लहान अक्षरानंतर मोठे अक्षर आले की तेथेही तोडते, आणि मग प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासते. कोडमधील चुका मुख्यतः नावांत लपलेल्या असल्यामुळे पुढील पायऱ्या टायपोज गृहीत धरून लिहिल्या आहेत.

स्थापना आणि पहिली चाचणी

स्थापनेत फार काही नाही. पायथॉन असेल तर 'पिप इन्स्टॉल टायपोज' ही आज्ञा पुरते. रस्टचे 'कार्गो' किंवा 'होमब्रू' वापरणार असाल तर पॅकेजचे नाव 'टायपोज-सीएलआय' असे आहे.

त्यानंतर रिपॉझिटरीच्या मूळ फोल्डरमध्ये जाऊन फक्त 'टायपोज' एवढीच आज्ञा द्यावी. वेगळे सांगितल्याशिवाय हे साधन एकाही फाइलीला हात लावत नाही, म्हणून पहिली चाचणी निर्धास्तपणे करावी. 'डॉट गिटइग्नोअर' फाइलीत वगळलेले फोल्डर ते आपोआप वगळते, बायनरी फाइली सोडून देते, आणि टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलीही सोडते. फाइलींच्या मजकुराबरोबर फाइलींची नावेही तपासली जातात, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. प्रत्येक चुकीपुढे फाइलीचे नाव, ओळ, ओळीतील स्थान आणि सुचवलेला शब्द छापला जातो.

हा अहवाल पाहून लगेच दुरुस्तीला हात घालू नये. तो एखाद्या मजकूर फाइलीत साठवावा आणि सलग वाचावा. मोठा प्रकल्प असेल तर या वाचनाला तासभर लागतो, पण पुढची सगळी मांडणी याच तासावर उभी राहते.

अहवाल कसा वाचावा

वाचताना प्रत्येक नोंद चारपैकी एका गटात टाकावी. पहिला गट कॉमेंट, दस्तऐवज आणि लॉगमधील संदेशांचा. हे बहुधा निर्धोकपणे बदलता येतात, मात्र एखादा बाहेरचा प्रोग्रॅम लॉगमधील ठरावीक वाक्य शोधत नाही ना, एवढे पाहून घ्यावे. दुसरा गट प्रकल्पाच्या आतच वापरल्या जाणाऱ्या नावांचा, म्हणजे स्थानिक व्हेरिएबल, खासगी फंक्शन, आतले वर्ग. तिसरा गट बाहेरच्यांशी केलेल्या कराराचा: सार्वजनिक फंक्शनची नावे, जेसनमधील की, डेटाबेसमधील स्तंभ, कॉन्फिगरेशनमधील पर्याय, पर्यावरणीय व्हेरिएबल. चौथा गट मुळात चूक नसलेल्या शब्दांचा.

सर्वांत जास्त लक्ष तिसऱ्या गटाकडे द्यावे लागते, कारण तेथे चुकीचे स्पेलिंग हेच बरोबर असते. वेबच्या इतिहासात याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. वापरकर्ता कोणत्या पानावरून आला हे सर्व्हरला सांगणाऱ्या एचटीटीपी हेडरचे नाव 'रेफरर' असायला हवे होते, ज्यात मध्ये दोन आर लागोपाठ येतात. एचटीटीपीचे वर्णन करणाऱ्या १९९६ च्या आरएफसी १९४५ या दस्तऐवजात ते एकाच आरने छापले गेले आणि आजही जगभरातील ब्राउझर आणि सर्व्हर तेच चुकलेले स्पेलिंग वापरतात. पुढे 'रेफरर-पॉलिसी' हे वेगळे हेडर आले तेव्हा त्याचे स्पेलिंग बरोबर ठेवले गेले. म्हणजे एकाच फाइलीत दोन ओळींवर दोन वेगळी स्पेलिंगे असू शकतात आणि दोन्ही जशीच्या तशी ठेवावी लागतात. युनिक्समध्ये नवी फाइल तयार करणाऱ्या 'क्रिएट' या सिस्टिम कॉलच्या शेवटचा ई असाच राहून गेला. युनिक्स पुन्हा घडवायची झाली तर काय बदलाल, असे केन थॉम्प्सन यांना विचारले असता तो ई लावीन, असे उत्तर त्यांनी दिले होते. पण तो कॉल आजही ई शिवायच आहे.

मला हा धडा एका प्रकल्पात मिळाला. आम्ही ज्या बाहेरच्या सेवेकडून माहिती घेत होतो, तिच्या उत्तरातील पत्त्याच्या कीमध्ये दोनऐवजी एकच डी होता. मी संपूर्ण रिपॉझिटरीवर स्वयंचलित दुरुस्ती चालवली आणि साधनाने आमच्या कोडमधील ती की नीट केली. सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या. चाचण्यांसाठी साठवलेल्या नमुना उत्तरांतही साधनाने तोच बदल केला होता, त्यामुळे कोड आणि नमुना दोघेही एकमेकांशी जुळत राहिले आणि दोघेही मिळून चुकीचे झाले. प्रत्यक्ष सेवेकडून उत्तर आल्यावर पत्ते रिकामे येऊ लागले तेव्हा कारण कळले. तेव्हापासून नमुना उत्तरांचे फोल्डर मी पहिल्याच दिवशी तपासणीतून वगळतो, आणि तुम्हीही तसेच करावे असे मनापासून सांगतो.

कॉन्फिगरेशनची फाइल

रिपॉझिटरीच्या मूळ फोल्डरमध्ये 'अंडरस्कोर टायपोज डॉट टॉमल' या नावाची फाइल तयार करावी. सुरुवातीचे अंडरस्कोर हे चिन्ह म्हणून टंकायचे आहे, शब्द म्हणून नव्हे. त्याऐवजी टिंब दिले किंवा काहीच दिले नाही तरी साधनाला फाइल सापडते. या फाइलीत बहुतेकांना तीन विभाग पुरतात.

'फाइल्स' विभागात 'एक्स्टेंड-एक्सक्लूड' या कीपुढे वगळायच्या मार्गांची यादी द्यावी: नमुना उत्तरे, यंत्राने निर्माण केलेला कोड, बाहेरून आणून ठेवलेली ग्रंथालये, एसव्हीजी चित्रे, अवलंबनांच्या आवृत्त्या कुलूपबंद करणाऱ्या फाइली. डेटाबेसच्या जुन्या मायग्रेशनच्या फाइलीही येथे घालाव्यात. त्या एकदा चालून गेलेल्या असतात आणि त्यांना नंतर हात लावायचा नसतो.

'डिफॉल्ट' आणि 'एक्स्टेंड-वर्ड्स' ही दोन नावे टिंबाने जोडून झालेला विभाग शब्दांसाठी आहे, आणि तसाच 'डिफॉल्ट' व 'एक्स्टेंड-आयडेंटिफायर्स' यांचा विभाग संपूर्ण नावांसाठी. या दोहोंमधील फरक नवशिक्याला चकवतो, म्हणून तो नीट पाहू. शब्द म्हणजे नाव फोडल्यानंतर मिळालेला तुकडा. समजा, बाइट ॲरेसाठी प्रकल्पात सर्वत्र 'बीए' ही दोन अक्षरे वापरली आहेत आणि साधन तेथे 'बाय' किंवा 'बी' सुचवते आहे. तर शब्दांच्या विभागात डावीकडे 'बीए' आणि बरोबरच्या चिन्हानंतर अवतरणात पुन्हा 'बीए' लिहावे. डावी-उजवी बाजू सारखी असली की साधन तो शब्द बरोबर मानते, मग तो कोणत्याही नावाच्या पोटात येवो. याउलट एक डी असलेली ती बाहेरच्या सेवेची की शब्दांच्या विभागात घातली, तर आपल्या स्वतःच्या कॉमेंटमध्ये किंवा नव्या फंक्शनमध्ये झालेली तीच खरी चूकही माफ होऊन जाते. तिचे पूर्ण नाव, लहान-मोठ्या अक्षरांसह जसेच्या तसे, नावांच्या विभागात घालावे, म्हणजे सूट फक्त त्या एका नावापुरती राहते. सूट जितकी अरुंद तितकी तपासणी बळकट, हे सूत्र धरून शक्य तेथे नावांचाच विभाग वापरावा.

प्रत्येक नोंदीच्या वरच्या ओळीवर हॅश चिन्ह देऊन ती नोंद का केली हे एका वाक्यात लिहावे. 'बाहेरच्या सेवेच्या उत्तरातील की, बदलू नये' एवढे पुरेसे असते. दोन वर्षांनी ही फाइल उघडणाऱ्याला त्या वाक्यावरूनच ठरवता येते की नोंद अजून लागते की काढून टाकावी.

एखाद्या ओळीपुरतीच सूट हवी असेल तर त्यासाठी टायपोजमध्ये तयार खूण नसते. ती आपण ठरवायची असते. 'डिफॉल्ट' विभागातील 'एक्स्टेंड-इग्नोअर-आरई' या कीमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणाऱ्या सूत्रांची, यादी देता येते आणि त्यांच्याशी जुळणारा मजकूर तपासला जात नाही. ओळीच्या शेवटी ठरावीक शब्दांची कॉमेंट असेल तर ती संपूर्ण ओळ सोडावी, असे एक्स्प्रेशन तेथे लिहून ठेवले की काम भागते. सांकेतिक मजकुराचे लांब तुकडे किंवा चाचणीसाठी मुद्दाम चुकवलेले शब्द यांना हाच उपाय लागू पडतो.

ब्रिटिश की अमेरिकन, हा वाद संघात निघणारच. 'लोकेल' ही की दिली नाही तर दोन्ही प्रकारची स्पेलिंगे चालतात. ती ब्रिटिश इंग्रजीवर ठेवली तर सीएसएसमधील रंगाच्या गुणधर्मासह, ज्याचे स्पेलिंग अमेरिकन आहे, प्रत्येक ठिकाणी इशारे येऊ लागतात. सुरुवातीला ही की न दिलेलीच बरी.

साचलेल्या चुका दुरुस्त करणे

कॉन्फिगरेशन लिहून झाल्यावर पुन्हा चाचणी घ्यावी. आता अहवालात पहिल्या आणि दुसऱ्या गटातील नोंदीच उरायला हव्यात. 'डिफ' हा पर्याय दिला की कोणते बदल होतील ते गिटच्या परिचित स्वरूपात दिसते आणि फाइली तशाच राहतात. तो डिफ वाचून झाल्यावरच 'राइट-चेंजेस' हा पर्याय द्यावा, आणि तोही संपूर्ण रिपॉझिटरीवर एकदम न देता एकेका फोल्डरवर. ज्या चुकीसाठी एकाहून अधिक शब्द सुचवलेले असतात, ती साधन स्वतः दुरुस्त करत नाही. ती हाताने करावी लागते.

नावांच्या बाबतीत एडिटरची 'रिनेम' सुविधा वापरणे अधिक सुरक्षित असते, कारण एडिटर त्या नावाचा प्रत्येक वापर ओळखून बदलतो, तर स्पेलिंगचे साधन केवळ अक्षरे पाहते. वगळलेल्या फोल्डरमधील फाइल तेच नाव वापरत असेल तर साधनाने तिथला वापर बदललेला नसतो आणि बांधणी तुटते.

अनुवाद असलेल्या प्रकल्पात आणखी एक काळजी घ्यावी लागते. गेटटेक्स्ट या अनुवादाच्या पद्धतीत मूळ इंग्रजी वाक्य हेच अनुवाद शोधण्याची किल्ली असते. त्या वाक्यातील एक अक्षर दुरुस्त करून अनुवादाच्या फाइली अद्ययावत केल्या की त्या वाक्याच्या प्रत्येक भाषेतील अनुवादावर 'फझी' ही खूण लागते, आणि अंतिम फाइल बनवताना असे अनुवाद सहसा वगळले जातात. परिणामी, एका अक्षराच्या दुरुस्तीनंतर सगळ्या भाषांच्या वापरकर्त्यांना ते वाक्य इंग्रजीत दिसू लागते. अशा दुरुस्त्या अनुवादकांना आधी कळवून, अनुवादाच्या फाइलींतील किल्ली त्याच कमिटमध्ये बदलून कराव्यात.

स्पेलिंगच्या दुरुस्त्यांचे कमिट नेहमी स्वतंत्र ठेवावे. त्यात दुसरा कोणताही बदल मिसळला की तपासणाऱ्याला काय पाहावे तेच कळत नाही. मोठ्या दुरुस्तीमुळे 'गिट ब्लेम'मध्ये शेकडो ओळींवर आपले नाव येते आणि त्या ओळी मुळात कोणी व का लिहिल्या हे झाकले जाते, अशी तक्रार योग्यच आहे. त्यावर उपायही आहे: रिपॉझिटरीच्या मूळ फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी 'गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्ह्ज' नावाची फाइल ठेवून तीत त्या कमिटचा पूर्ण हॅश लिहावा आणि गिटच्या 'ब्लेम डॉट इग्नोअररेव्ह्जफाइल' या सेटिंगमध्ये तिचे नाव द्यावे. ही सोय गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, उपलब्ध आहे आणि गिटहबचे ब्लेमचे पानही ही फाइल ओळखते.

कमिटच्या वेळी तपासणी

आता चुका आत येण्याआधीच अडवायच्या. त्यासाठी 'प्री-कमिट' हे पायथॉनमधील साधन सोयीचे आहे. त्याची यामल फाइल मूळ फोल्डरमध्ये ठेवावी, तीत टायपोजच्या रिपॉझिटरीचा पत्ता, नेमकी आवृत्ती आणि हुकचे, म्हणजे कमिटच्या वेळी आपोआप चालणाऱ्या तपासणीचे, नाव द्यावे, आणि मग 'प्री-कमिट इन्स्टॉल' ही आज्ञा द्यावी. ही शेवटची आज्ञा प्रत्येक सहकाऱ्याने आपापल्या संगणकावर, रिपॉझिटरी नव्याने उतरवल्यानंतर एकदा द्यायची असते. यामल फाइल आली म्हणजे हुकही आले, असा गैरसमज वारंवार होतो.

येथे एक सापळा आहे. टायपोजचे हे हुक काहीही न सांगता वापरले तर ते फाइली स्वतःच दुरुस्त करते. कमिट थांबते, फाइली बदललेल्या राहतात, आणि घाईत असलेला माणूस काय बदलले हे न पाहता त्या पुन्हा जोडून कमिट करतो. वर सांगितलेल्या पत्त्याच्या कीचा प्रकार अशा वेळी रोज घडू शकतो. म्हणून हुकच्या 'आर्ग्ज' या यादीत आपले पर्याय द्यावेत आणि त्यात 'राइट-चेंजेस' नसावे. मात्र 'फोर्स-एक्सक्लूड' हा पर्याय त्या यादीत नक्की ठेवावा. प्री-कमिट प्रत्येक फाइलीचे नाव साधनाला स्पष्टपणे देते, आणि नाव स्पष्टपणे दिलेली फाइल टायपोज एरवी वगळत नाही. हा पर्याय विसरला की कॉन्फिगरेशनमध्ये वगळलेली नमुना उत्तरेही तपासली जाऊ लागतात आणि कारण लवकर लक्षात येत नाही.

'गिट कमिट'ला 'नो-व्हेरिफाय' हा पर्याय देऊन कोणीही हुक टाळू शकतो. ते चालू द्यावे. रात्री उशिरा तातडीची दुरुस्ती करणाऱ्याला एका कॉमेंटमधील अक्षरासाठी अडवून धरण्यात शहाणपण नाही, आणि खरा दरवाजा पुढच्या पायरीत आहे.

पुल रिक्वेस्टच्या वेळी तपासणी

गिटहब वापरत असाल तर 'वर्कफ्लोज' फोल्डरमध्ये एक छोटी यामल फाइल पुरते. पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य शाखेत घेण्याची विनंती, आली की काम सुरू व्हावे, पहिल्या टप्प्यात कोड उतरवला जावा आणि दुसऱ्यात टायपोजची तयार ॲक्शन चालावी, एवढेच तीत सांगायचे असते. अन्य यंत्रणांवर साधन स्थापन करून आज्ञा चालवावी. चूक सापडली की आज्ञा शून्याव्यतिरिक्त संकेतांक परत देते आणि त्यावरून काम आपोआप अयशस्वी ठरते.

ॲक्शनची आवृत्ती पूर्ण आकड्यांत लिहावी. टायपोजची शब्दयादी साधारण दर महिन्याला वाढते. आवृत्ती मोकळी सोडली तर एखाद्या सकाळी, कोणीही काही न बदलता, सगळ्या पुल रिक्वेस्ट लाल होतात आणि दोष ज्याची रिक्वेस्ट आधी आली त्याच्या माथी येतो. आवृत्ती वाढवायची तेव्हा स्वतंत्र पुल रिक्वेस्टमधून वाढवावी आणि नव्याने सापडलेल्या चुका तेथेच निस्तराव्यात. प्री-कमिटमधील आणि येथील आवृत्ती एकच ठेवावी, नाहीतर माझ्याकडे चालते आणि तिकडे अडते, ही तक्रार सुरू होते.

ही तपासणी विलीनीकरणासाठी सक्तीची करावी, पण मुख्य शाखा पूर्ण स्वच्छ झाल्यावरच. दुसऱ्याने तीन वर्षांपूर्वी केलेल्या चुकीसाठी आज नव्याने आलेल्या सहकाऱ्याची पुल रिक्वेस्ट अडली, तर तपासणीविषयी त्याच्या मनात अढी बसते, आणि ते स्वाभाविक आहे.

एडिटरमध्ये

टंकतानाच चूक दिसली तर पुढचे सगळे टळते. 'टायपोज-एलएसपी' हा सर्व्हर बहुतेक आधुनिक एडिटरांत चालतो आणि प्रकल्पातील तीच टॉमल फाइल वाचतो, म्हणून सूट दोनदा नोंदवावी लागत नाही. व्हिममध्ये आवृत्ती ७ पासून, म्हणजे २००६ पासून, तपासणी अंगभूत आहे. ईमॅक्समध्ये 'फ्लायस्पेल-प्रॉग-मोड' फक्त कॉमेंट आणि स्ट्रिंग तपासतो. या दोन्हींना मात्र प्रकल्पाची टॉमल फाइल कळत नाही.

अधिक कडक तपासणी हवी असेल तर

दोन-तीन महिने हे सुरळीत चालले आणि इशाऱ्यांवर संघाचा विश्वास बसला, की दस्तऐवजांसाठी आणि सार्वजनिक नावांसाठी सीस्पेल जोडण्याचा विचार करावा. ते नोडवर चालते, 'एनपीएम'मधून येते आणि वीएस कोडमधील 'कोड स्पेल चेकर' हे विस्तारक त्याच्यावरच बांधलेले आहे. इंग्रजीबरोबर प्रोग्रॅमिंगच्या अनेक भाषांचे शब्दकोश त्यात आधीपासून असतात, चार अक्षरांहून लहान शब्द ते मूळ सेटिंगनुसार सोडून देते, आणि प्रकल्पाचे खास शब्द एका साध्या मजकूर फाइलीत, ओळीला एक, ठेवता येतात.

ही फाइल तयार करताना एक मोह होतो. सीस्पेलला 'वर्ड्स-ओन्ली' आणि 'युनिक' हे पर्याय दिले की अनोळखी शब्दांची यादी हाती येते, आणि ती जशीच्या तशी शब्दकोशात ओतली की एका मिनिटात सगळे हिरवे होते. असे कदापि करू नये. त्या यादीत प्रकल्पाचे खरे शब्द असतात तशा खऱ्या चुकाही असतात, आणि त्या क्षणापासून त्या चुका बरोबर शब्द म्हणून कायमच्या मान्य होतात; त्यानंतर तेच साधन त्यांचे रक्षण करते. यादी वर्णक्रमाने लावून ओळीओळीने वाचावी. वर्णक्रमाचा फायदा असा की चुकलेला शब्द बहुधा आपल्या बरोबर भावंडाच्या शेजारीच येऊन बसतो आणि लगेच नजरेत भरतो. पुढेही या फाइलीत शब्द वाढवणारा प्रत्येक बदल कोडच्या बदलाइतक्याच गांभीर्याने तपासला जावा.

यादीबाहेरच्या चुका

दोन्ही पद्धतींना एक मर्यादा आहे: चुकून दुसराच खरा शब्द टंकला गेला तर तो कोणत्याही यादीत चूक म्हणून नसतो. 'मॅनेजर'मधील मधला ए गळाला की गव्हाणीसाठीचा अस्सल इंग्रजी शब्द तयार होतो, आणि बरोबर शब्दांच्या यादीवर चालणारे साधन त्याला बिनदिक्कत पुढे जाऊ देते. अशी चूक पुल रिक्वेस्ट वाचताना सापडली तर ती केवळ दुरुस्त करून थांबू नये. टॉमल फाइलीतील शब्दांच्या विभागात डावीकडे तो गव्हाणीचा शब्द आणि उजवीकडे 'मॅनेजर' लिहावा. आता दोन्ही बाजू वेगळ्या असल्यामुळे साधन तिला चूक मानून दुरुस्ती सुचवू लागते. सीस्पेलमध्ये हेच काम 'फ्लॅगवर्ड्स' या यादीने होते. लिनक्स कर्नलच्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमध्येही अशी एक साधी मजकूर फाइल आहे, जिच्या प्रत्येक ओळीवर चुकीचा शब्द, दोन उभ्या रेघा आणि बरोबर शब्द असतो. 'चेकपॅच' हा प्रोग्रॅम येणारा प्रत्येक पॅच तिच्याशी ताडून पाहतो.

'फ्रॉम'ऐवजी 'फॉर्म' टंकले जाण्याची चूक मात्र अशा यादीत घालू नये. फॉर्म हा शब्द कोडमध्ये जागोजागी खरा असतो, आणि त्याची नोंद केली तर पहिल्याच दिवशी खोट्या इशाऱ्यांचा तोच ढीग परत येतो, जो टाळण्यासाठी आपण दुसऱ्या पद्धतीने सुरुवात केली होती. ही चूक पुल रिक्वेस्ट वाचणाऱ्या माणसानेच पकडायची आहे, आणि बाकीच्या चुका साधनाने आधीच काढलेल्या असल्यामुळे तिच्याकडे लक्ष द्यायला त्याला सवड असते.